लाल ठिपक्यापासून निघालेली वाट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

१९२५ साली इंग्लंडमध्ये एक कवितासंग्रह निघाला. कवीचं वय सदुसष्ट आणि संग्रह पहिलाच. आमच्याकडे या वयात कवी समग्र कवितेच्या तयारीला लागतात, म्हणून मला या गृहस्थांबद्दल कुतूहल वाटलं. नाव सर चार्ल्स शेरिंग्टन. संग्रह निघाला त्या वर्षापर्यंत ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते आणि पुढे १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ते कवितेसाठी नव्हतं, हे सांगायला नको. मज्जासंस्था कसं काम करते, हे त्यांनी उलगडलं, त्यासाठी ते होतं. दोन मज्जापेशी जिथं एकमेकींना भेटतात त्या जागेला आज जगभर ‘सिनॅप्स’ म्हणतात. तो शब्द १८९७ साली याच माणसानं रूढ केला. एक चांगला शब्द भाषेत कायमचा ठेवून जाणं हे किती अवघड असतं, ते आम्हा कवींना ठाऊक आहे.

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. मेंदूवर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? पण शेरिंग्टनची कविता शोधता शोधता मी त्यांच्या मांजरांपर्यंत पोचलो आणि तिथून एका वाटेपर्यंत. आज त्या वाटेचा इतिहास सांगणार आहे. ती जेमतेम वीतभर लांबीची वाट आहे, पण तिच्यावर शंभर-सव्वाशे वर्षं वाद चालू आहेत. आणि तिचा माझ्या घराशीही संबंध आला. तो येईल ओघात.

आधी भूगोल समजून घेऊ. कवटीत वर मोठा मेंदू, मागे खाली लहान मेंदू आणि या दोघांना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूशी जोडणारा एक देठ. फ्लॉवरचा गड्डा उलटा-सुलटा करून पाहिलात तर कल्पना येईल. या देठाचा सगळ्यात वरचा, दोनेक सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे मध्यमेंदू. एवढ्याशा जागेतून किती रहदारी! डोळे फिरवणाऱ्या नसा इथूनच निघतात, वरून येणारे हुकूम इथूनच खाली जातात. मध्यमेंदूचा ताजा काप घेतला तर दोन्ही बाजूंना एकेक गोल, फिकट तांबूस ठिपका दिसतो. ताज्या मेंदूत तो गुलाबीसर असतो. तिथल्या पेशींत लोह असतं, रक्तवाहिन्यांचं जाळंही दाट असतं. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला सरळ ‘लाल केंद्रक’ म्हटलं. लॅटिनमध्ये लाल म्हणजे रुबर. त्यावरून या केंद्रकापासून मज्जारज्जूत उतरणाऱ्या तंतूंच्या जुडीला डॉक्टर मंडळी ‘रुब्रोस्पायनल ट्रॅक्ट’ म्हणतात. आपण तिला लाल वाट म्हणू. ही वाट केंद्रकातून निघाली की लगेच विरुद्ध बाजूला जाते. उजवीकडची डावीकडे, डावीकडची उजवीकडे. मग देठातून खाली मज्जारज्जूत उतरते आणि हातापायांच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींच्या आसपास पोचते. म्हणजे चार पायांच्या प्राण्यांत तरी पोचते. माणसाचं प्रकरण वेगळं आहे, ते नंतर.

आता प्रश्न असा, की मेंदूसारख्या लगद्यात कुठला तंतू कुठून निघून कुठं जातो हे कळायचं कसं? यावर म्युनिकच्या बर्नहार्ड फॉन गुड्डेन या मनोविकारतज्ज्ञानं एक युक्ती काढली होती. नुकत्याच जन्मलेल्या प्राण्याची एखादी नस किंवा मेंदूचा एखादा भाग काढायचा, प्राणी वाढू द्यायचा आणि मग त्याच्या मेंदूचे पातळ काप करून पाहायचं, की कुठल्या पेशी सुकल्या. फांदी तोडली तर तिचं मूळ कुठं वाळतंय ते बघण्यासारखं. मेंदूचे सलग काप घेण्याचं यंत्रही त्यानं करवून घेतलं होतं. या गुड्डेनचा शेवट मोठा चमत्कारिक झाला. १८८६ साली बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याला वेडा ठरवणाऱ्या मंडळाचा तो प्रमुख होता. १३ जूनच्या संध्याकाळी राजा आणि डॉक्टर स्टार्नबर्ग सरोवराच्या काठानं फिरायला गेले आणि दोघांचेही मृतदेह पाण्यात सापडले. नेमकं काय घडलं याच्या कथा जर्मनीत अजून रंगवून सांगतात. आपल्याला तिकडे वळायला नको.

गुड्डेनच्या हाताखाली तयार झालेला ऑग्युस्त फोरेल हा स्विस माणूस. १८७७ साली त्यानं मध्यमेंदूतल्या याच भागाचं बारकाईनं वर्णन केलं. लाल वाटा जिथं एकमेकींना छेदतात त्या जागेला आजही त्याचं नाव आहे. फोरेलला मेंदूइतकंच मुंग्यांचं वेड. पुढे स्वित्झर्लंडच्या एक हजार फ्रँकच्या नोटेवर त्याचं चित्र आलं आणि मागच्या बाजूला मुंग्या आल्या. मुंग्यांना नोटेवर जागा देणाऱ्या देशाबद्दल मला आदर आहे.

तिसरा माणूस कॉन्स्टंटिन फॉन मोनाकॉव्ह. जन्म १८५३ चा, रशियातला. बालपणीच कुटुंबाबरोबर देश सोडला आणि शेवटी झ्यूरिकचा झाला. तरुणपणी तो डोंगरातल्या एका मनोरुग्णालयात नोकरीला होता. दिवसा रुग्ण पाहायचे आणि उरल्या वेळात मेंदूचे काप करायचे. गुड्डेनची युक्ती त्यानं उचलली आणि वर्षानुवर्षं रेटली. १९०९-१० मध्ये त्याचा लाल केंद्रकावरचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कित्येक वर्षं डॉक्टर लोक या वाटेला ‘मोनाकॉव्हची जुडी’ म्हणूनच ओळखत होते. माझ्या मते या तिघांत खरा चिकाटीचा माणूस हाच. राजा नाही, नोट नाही. नुसते काप.

पण वाट सापडणं वेगळं आणि तिच्यावरून काय जातं ते कळणं वेगळं. इथं शेरिंग्टन येतात. १८९८ साली, लिव्हरपूलमध्ये प्राध्यापक असताना, त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. भूल दिलेल्या मांजराचा मध्यमेंदू त्यांनी आडवा छेदला. मध्यमेंदूच्या पाठीवर चार उंचवटे असतात, दोन वर, दोन खाली, त्यांच्या मधोमध. मोठा मेंदू देठापासून तुटला. मांजर लुळं पडेल असं आपल्याला वाटेल. झालं उलटं. चारही पाय खांबासारखे ताठ झाले, मान आणि शेपूट वर उचलली गेली. उचलून जमिनीवर ठेवलं तर ते मांजर उभं राहिलं! पण ते उभं राहणं म्हणजे उभं राहण्याचं सोंग. धक्का दिला तर लाकडी खेळण्यासारखं आडवं होणार आणि पुन्हा उठणार नाही. मग शेरिंग्टननी आणखी एक गोष्ट केली. एका पायाकडून मज्जारज्जूकडे संवेदना नेणारी नसांची मुळं कापली. तो पाय ताबडतोब ढिला पडला. म्हणजे हा ताठरपणा नुसता वरून आलेला हुकूम नव्हता. स्नायूकडून वर जाणारी खबर आणि खाली येणारं उत्तर यांचं ते अखंड चाललेलं चक्र होतं. कोणीतरी वरून ‘पुरे’ म्हणायला हवं होतं, आणि तो म्हणणाराच कापला गेला होता.

मांजरांचं वाईट वाटतं, हे मी लपवणार नाही. आमच्या मोहल्ल्यात मांजराला त्रास देणाऱ्या पोराला थोरामोठ्यांची बोलणी खावी लागतात. इंग्लंडमध्ये १८७६ पासून प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी कायदा होता, परवाना लागे. आणि मोठा मेंदू तुटल्यावर त्या प्राण्याला वेदना जाणवत नाही, असं शास्त्रज्ञ सांगतात. तरीही वाचताना पान उलटावंसं वाटतं. शेरिंग्टन स्वतः कठोर माणूस नव्हते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, कामगारांच्या थकव्याचा अभ्यास करायचा म्हणून हे प्राध्यापक सत्तावन्नाव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात स्वतः मजूर म्हणून राबले. दिवसाची पाळी तेरा तासांची आणि रविवारची नऊ तासांची. अशा माणसाला मी निदान दगडाच्या काळजाचा म्हणू शकत नाही.

तर त्या ताठरपणाचा अर्थ काय लावायचा? उट्रेख्टमध्ये रुडॉल्फ मॅग्नस आणि त्यांचे सहकारी राडेमाकर यांनी छेदाची जागा वरखाली सरकवून पाहिली. लाल केंद्रक शाबूत राहील असा वरून छेद दिला, तर प्राणी तितकासा ताठत नाही. आडवा पडला तरी सरळ होऊ शकतो. छेद केंद्रकाच्या खालून गेला की पाय खांब होतात. १९२६ साली राडेमाकरनं यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातून एक सुबक चित्र तयार झालं. लाल वाट हातपाय वाकवणाऱ्या स्नायूंना बळ देते. आणि तोल सांभाळणारी, कानाच्या आतल्या भागाकडून खबर घेणारी, देठातच खालच्या बाजूला असलेली दुसरी केंद्रं हातपाय ताठ करणाऱ्या स्नायूंना बळ देतात. दोघांची रस्सीखेच चालू असते. लाल वाट तुटली की दोर एकाच बाजूच्या हाती उरतो. पुढच्या दशकात अमेरिकेत इन्ग्रॅम आणि रॅन्सन यांनी मांजरांत फक्त लाल केंद्रकच नष्ट करून पाहिलं, तर शेरिंग्टनच्या मांजरासारखा ताठरपणा काही आला नाही. म्हणजे रस्सीच्या त्या टोकाला लाल वाट एकटी नव्हती, आणखीही कोणी ओढत होतं. पण सुबक चित्रं अशी सहजासहजी मरत नाहीत. पाठ्यपुस्तकांत ते राहिलं.

आता घरचं. काही वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना भाईजान म्हणायचो, मोटारसायकलवरून पडले आणि डोक्याला मार लागला. एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ते बेशुद्ध होते. दर दोन-तीन तासांनी एक तरुण डॉक्टर यायचे, नखावर पेन दाबायचे, छातीच्या हाडावर मुठीनं चोळायचे, आणि कागदावर आकडे लिहून जायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी असं दाबलं आणि भाईजानचे दोन्ही हात कोपरात वाकून छातीवर आले. पुतण्या ओरडलाच, “चाचा, अब्बांनी हात हलवला!” भाभी दुआ मागायला लागल्या. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी आकडा लिहिला आणि गेले. तिसऱ्या दिवशी दाबल्यावर हात वाकले नाहीत. सरळ ताठ झाले, मनगटं आतल्या बाजूला वळली, दात घट्ट आवळले गेले. पुतण्याला ही हालचाल पहिल्यापेक्षा जोरदार वाटली, म्हणजे चांगलीच. कोणीही त्याला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी भाईजान गेले.

माझी तक्रार उपचारांबद्दल नाही, ते झाले तेवढे झाले. पण तीन दिवस एक कुटुंब काचेपलीकडून जे पाहत होतं त्याचा अर्थ त्याला दोन वाक्यांत कळायला हवा होता. तो मला वर्षभरानं कळला, शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राकडून. तो म्हणाला, “अरे, कागदावर लिहीत होते ती ग्लासगो मोजपट्टी.” १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोघांनी बेशुद्धी मोजण्यासाठी ती केली. डोळे, बोलणं आणि हालचाल या तिन्हींना गुण द्यायचे. सगळे मिळून पंधरा, कमीत कमी तीन. हालचालीचे सहा. सांगितलेलं ऐकून हात उचलला तर सहा, दुखऱ्या जागेकडे हात नेला तर पाच, दुखल्यावर नुसता मागे ओढला तर चार. हात विचित्र रीतीनं वाकून छातीशी आला तर तीन. ताठ झाला तर दोन. काहीच नाही तर एक. म्हणजे आमच्या डोळ्यांदेखत तिनाचे दोन झाले होते. दरवेळी ‘हालचाल’ होती, आणि दरवेळी ती खालच्या पायरीवरची होती.

मित्रानं कारणही सांगितलं, तेच सुबक चित्र. इजा लाल केंद्रकाच्या वर असते तोवर लाल वाट चालू असते, म्हणून हात वाकतात. सूज आणि दाब वाढून इजा खाली सरकली, लाल केंद्रक गेलं, की हात ताठ होतात. पाय दोन्ही वेळा ताठच. शेरिंग्टनच्या मांजराचं आणि माझ्या भावाचं एकाच ओळीत येणं मला त्या दिवशी सहन झालं नाही. पण समजलं. समजल्यानं दुःख कमी होत नसतं; फक्त त्याला आकार येतो.

मग मी आणखी वाचत गेलो, आणि ते चित्र माणसाच्या बाबतीत डळमळीत आहे असं दिसलं. १९८२ साली लंडनच्या नेथन आणि स्मिथ यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. निधनानंतर तपासलेल्या माणसांच्या मेंदूंत आणि मज्जारज्जूंत त्यांनी ही लाल वाट शोधली. माणसात ती अगदी बारीक निघाली, तुरळक तंतूंची, आणि मानेच्या वरच्या मणक्यांच्या आसपासच बहुतेक संपणारी. मांजरात हीच वाट थेट मागच्या पायांच्या पातळीपर्यंत जाते! माणसाच्या हाताच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मानेच्या खालच्या भागात असतात. मग तिथवर धड न पोचणारी वाट हात वाकवणार कशी? याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही. कोणी म्हणतं, देठातल्या इतर वाटा हे काम करतात. कोणी म्हणतं, मधल्या पेशी निरोप पुढे नेत असतील. खाटेजवळचं निरीक्षण मात्र पक्कं राहिलं आहे. वाकणाऱ्या हातापेक्षा ताठणारा हात वाईट, हे रुग्णामागून रुग्ण पाहून ठरलं आहे. वैद्यकात असं पुष्कळदा होतं. खूण खरी असते आणि तिची कहाणी कच्ची.

माणसात लाल केंद्रक लहान नाही, हे लक्षात घ्या. ते चांगलं ठळक असतं. पण त्यातल्या ज्या मोठ्या पेशींपासून ही वाट निघते, त्या माणसात थोड्या उरल्या आहेत. बाकीचा, लहान पेशींचा भाग वाढला आहे आणि त्याची बोलणी मुख्यतः लहान मेंदूशी चालतात. तिथं इजा झाली तर विरुद्ध बाजूचा हात थरथरतो आणि त्याच बाजूच्या डोळ्याची पापणी पडते, असं वर्णन व्हिएन्नाच्या मोरित्स बेनेडिक्टनं १८८९ सालीच केलेलं होतं. माकडं झाडावरून उतरून आपण झालो, त्या प्रवासात हाताचा कारभार मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरून थेट खाली येणाऱ्या राजमार्गानं आपल्याकडे घेतला आणि जुनी पायवाट ओस पडली.

मग ही पायवाट मुळीच निकामी का? याचं सगळ्यात सुंदर उत्तर मला १९६८ सालच्या एका कामात सापडलं. लॉरेन्स आणि कायपर्स या दोघांनी माकडांत आधी तो राजमार्ग दोन्ही बाजूंना तोडला. कायपर्स मूळचे हॉलंडचे. काही आठवड्यांत माकडं उठली, धावू लागली, पिंजऱ्याच्या गजांवर चढू लागली. एकच गोष्ट परत आली नाही. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत दाणा धरणं. घ्यायचं तर सगळी मूठ वळायची, आणि वळलेली मूठ सोडवायला कष्ट पडायचे. म्हणजे राजमार्ग नसताना एवढं सगळं दुसरं कोणीतरी करत होतं. मग त्यांनी काही माकडांत देठाच्या बाजूनं जाणारे तंतूही तोडले, त्यांत लाल वाट होती. आता हात खांद्यापासून लोंबकळला. समोर खाऊ ठेवला तर तो हात त्याच्याकडे जाईना. पण तेच माकड पिंजऱ्यावर चढायला लागलं की तोच हात गज घट्ट पकडायचा! उलट, ज्या माकडांत मधल्या बाजूच्या वाटा तोडल्या त्यांना बसता-उभं राहता येईना, पण आधार दिला तर हात घास उचलू शकत होता.

मी हे वाचून पुस्तक खाली ठेवलं. मी जन्मभर ‘हात’ हा एकच शब्द वापरत आलो होतो. मेंदूच्या हिशेबी चढणारा हात आणि मागणारा हात हे दोन वेगळे हात आहेत.

अर्धांगवायू झालेल्या माणसाची मूठ तुम्ही पाहिली असेल. वळलेली असते, सहज सुटत नाही. लॉरेन्स-कायपर्सच्या माकडांची आठवण व्हावी अशी. अलीकडे माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, की राजमार्ग तुटल्यानंतर लाल केंद्रकातल्या पेशी आपल्या हुकमांचं वाटप बदलतात. एरवी ज्या स्नायूंकडे त्यांचं फारसं लक्ष नसतं त्यांनाही हाक देऊ लागतात. माणसात जिवंतपणी मेंदूचे तंतू दाखवणारी एम.आर.आय.ची नवी तंत्रं आल्यापासून अर्धांगवायूतून सावरणाऱ्या रुग्णांत लाल केंद्रकाच्या आसपास काही फरक पडतात का, याचा शोध चालू आहे. काही अभ्यासांत तसे फरक दिसले आहेत. पण तुरळक तंतूंच्या वाटेचं चित्र यंत्रातून कितपत खरं उमटतं, यावर मतभेद आहेत, आणि नेथन-स्मिथ यांचा जुना अभ्यास दाखवून ‘इथं वाटच कुठं आहे?’ असं विचारणारेही आहेत.

गर्भात आणि नवजात बाळात मात्र त्या मोठ्या पेशींचा भाग प्रौढांपेक्षा अधिक ठसठशीत असतो. म्हणून काही अभ्यासकांना असं वाटतं, की बाळ रांगतं तेव्हा जुन्या पायवाटेवर थोडी वर्दळ असावी. हे सिद्ध झालेलं नाही. शेरिंग्टन १९५२ सालच्या मार्चमध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारले. नेथन आणि स्मिथ यांचा अभ्यास त्यानंतर तीस वर्षांनी आला.